टेक्सासात कंबरेला पिस्तूल, समोर दुकानाची मॅनेजर: "बाहेर जा" म्हटल्यावर काय करायचं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ डॅलसच्या उत्तरेला राहतात. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड झालं, टेक्सासचा हँडगनचा परवाना रीतसर काढला, नऊ एमएमचं पिस्तूल घेतलं. एका शनिवारी सकाळी ते पिस्तूल पट्ट्यावरच्या होल्स्टरमध्ये, सगळ्यांना दिसेल असं लावून ग्रोसरी आणायला गेले. दुधाच्या फ्रीजपाशी असिस्टंट मॅनेजर आली आणि म्हणाली, "सर, गन बाहेर ठेवून या." यांनी सांगितलं की टेक्सासात हे कायदेशीर आहे आणि दारावर मनाईची पाटीही नाही. ती म्हणाली, "मग कृपया दुकानातून जा." बराच वेळ वाद झाला, लोक थांबून बघायला लागले आणि शेवटी ट्रॉली तिथेच सोडून हे बाहेर पडले. आता त्यांचा प्रश्न असा: "कायदा माझ्या बाजूने असताना मॅनेजर मला कशी अडवू शकते? पुढच्या वेळी तिला काय उत्तर देऊ?"

मी टेक्सासात बरीच वर्षं मोठ्या दुकानाचा मॅनेजर होतो आणि आता परवान्याचे वर्ग घेतो. त्यामुळे हा प्रसंग मी दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे. मी वकील नाही. खटला, अटक किंवा इमिग्रेशनचा विषय आला तर वकिलालाच विचारा. बाकीचं मनापासून आणि स्पष्ट सांगतो.

तुम्ही विचारताय मॅनेजरला काय उत्तर द्यायचं. खरा मुद्दा वेगळा आहे. तिने "गन बाहेर ठेवून या" म्हणेपर्यंत कायदा तुमच्या बाजूने होता. तिने ते म्हटलं त्या क्षणी तो तुमच्या बाजूने राहिला नाही. त्यानंतर तिथे उभं राहून तुम्ही जे काही बोललात ते हक्काचं समर्थन नव्हतं. तो गुन्ह्याच्या दिशेने जाणारा वेळ होता.

असं का, ते नीट समजून घ्या. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ची. तिच्याबद्दलचे गाजलेले निकाल, म्हणजे २००८चा हेलर आणि २०२२चा ब्रुएन, सरकारने शस्त्र बाळगण्यावर किती बंधनं घालावीत याबद्दल आहेत. दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, दुकानदाराचे नाही. दुकान म्हणजे गावाकडच्या घराची ओसरी. येणाऱ्याजाणाऱ्याला मज्जाव नसतो, पण म्हणून ओसरी गावाची होत नाही. हवाई राज्याने २०२३ मध्ये उलट नियम केला, की मालकाने परवानगी दिल्याशिवाय त्याच्या दुकानात बंदूक न्यायचीच नाही. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पण त्या वादातही मुद्दा एवढाच की मालक गप्प असेल तर त्याचा अर्थ होकार धरायचा की नकार. मालकाने तोंडाने नकार दिल्यावर तो मोडता येतो, असं त्यात कुणीच म्हणत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या लोकांची इथे गफलत का होते तेही मला वर्गात दिसतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी परवाना देतात. तो सहज मिळत नाही, आणि निवडणुका आल्या की बहुतेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. त्यामुळे परवाना हातात आहे म्हणजे सरकारचा शेवटचा शब्द आपल्याकडे आहे, असं मनात पक्कं बसलेलं असतं. टेक्सासचा परवाना फक्त सांगतो की राज्याची तुमच्याबद्दल हरकत नाही. दुकानवाल्याची हरकत असू शकते आणि ती त्याने पटवून द्यायची गरज नसते.

आता टेक्सासचा कायदा. परवानाधारकाला पिस्तूल उघडं लावायची मुभा १ जानेवारी २०१६ पासून मिळाली. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या आणि अन्य कारणाने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, उघडं असेल तर होल्स्टरमध्येच. दुकानदाराने मनाई कशी करायची हे दंडसंहितेच्या तीन कलमांत आहे. ३०.०५ परवाना नसलेल्यांसाठी, ३०.०६ परवानाधारकाने लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी आणि ३०.०७ परवानाधारकाने उघडं लावलेल्या पिस्तुलासाठी. ३०.०६ आणि ३०.०७च्या पाट्यांवर कायद्यात दिलेलाच मजकूर लागतो, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं निदान एक इंच उंच आणि पार्श्वभूमीपेक्षा उठून दिसणाऱ्या रंगात. ३०.०७ची पाटी प्रत्येक प्रवेशदारावर हवी. पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारलेला स्टिकर परवानाधारकाला या दोन कलमांखालची सूचना ठरत नाही. पाटी नव्हती हा तुमचा मुद्दा इथपर्यंत बरोबर आहे.

पण त्याच कलमांत तोंडी सूचनाही आहे. मालकाने किंवा त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिसतो अशा कुणीही समोर येऊन सांगितलं की झालं. असिस्टंट मॅनेजर त्यात नक्कीच बसते. सिक्युरिटी गार्डही बसतो. पाटी असताना उघडं पिस्तूल घेऊन आत गेलात तर तो क्लास सी मिसडिमीनर, म्हणजे सगळ्यात किरकोळ दर्जाचा गुन्हा, दंड जास्तीत जास्त दोनशे डॉलर. समोरासमोर सांगूनही बाहेर पडला नाहीत तर तोच गुन्हा क्लास ए होतो. मग एक वर्षापर्यंत तुरुंग आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. दोनशे डॉलर आणि तुरुंग यांच्यामधलं अंतर म्हणजे तुम्ही फ्रीजपाशी घातलेला तो वाद. मॅनेजरने पोलिसांना बोलावलं नाही, हे तुमचं नशीब.

आणि तुमच्यासाठी तुरुंगापेक्षाही मोठी गोष्ट तुमचं ग्रीन कार्ड आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळं कलम आहे. कायदा मोडून बंदूक बाळगल्याबद्दल किंवा वाहून नेल्याबद्दल दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला देशाबाहेर काढण्याचं ते कारण होऊ शकतं. गुन्हा फेलनीच, म्हणजे गंभीर वर्गातलाच, असायला हवा अशी अट तिथे नाही. उद्या नागरिकत्वाचा अर्ज भराल तेव्हा कधी अटक झाली होती का, असा प्रश्न येतो आणि सुटका झाली असली तरी खरं उत्तर द्यावं लागतं. जन्माने अमेरिकन असलेला तुमचा शेजारी त्या मॅनेजरशी वाद घालतो तेव्हा तो दंड आणि तुरुंग पणाला लावतो. तुम्ही बायकोमुलांचं इथलं घर पणाला लावता.

इथेच एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) वाल्यांना कळकळीने सांगतो, कारण तेही हे वाचतील. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे, अपवाद आणखीही थोडे आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही करू नका. मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जातं. हा फेलनी गुन्हा आहे. टेक्सासात परवाना लागत नाही, हे वाक्य तुमच्यासाठी नाही. घरात एकाचं ग्रीन कार्ड झालंय आणि दुसरा अजून एच-१बी किंवा एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर आहे, असं असेल तर पिस्तूल तिजोरीत ठेवा आणि तिची किल्ली किंवा नंबर दुसऱ्याकडे अजिबात असू देऊ नका.

आता मॅनेजर तुमच्याकडे येते तेव्हा तिच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते सांगतो. तुम्ही कंपनीचं धोरण मोडलंय याची तिला फारशी चिंता नसते. तिच्याकडे नुकतीच एखादी बाई लहान मूल कडेवर घेऊन घाबरीघुबरी आलेली असते, "तिकडे गन घेतलेला माणूस आहे." मॅनेजर तुम्हाला ओळखत नाही. तुमचा परवाना तिला दिसत नाही. तिला दिसते फक्त पिस्तुलाची पकड (मूठ), पट्टा आणि तुमचे हात. मी त्या जागी असताना प्रत्येक वेळी आधी हातच बघायचो. ३ ऑगस्ट २०१९ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये एका बंदूकधाऱ्याने केलेल्या गोळीबारात २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण अंगात बुलेटप्रूफ जाकीट घालून रायफल घेऊन शिरला. दुसऱ्या दुरुस्तीचा मान हे दुकान राखतं का ते बघायचं होतं, असं तो नंतर म्हणाला. मॅनेजरने आगीचा अलार्म ओढला, लोक पळत बाहेर आले आणि ड्यूटीवर नसलेल्या एका अग्निशमन जवानाने पोलीस येईपर्यंत त्याच्यावर पिस्तूल रोखून धरलं. मिझुरीतही उघडं शस्त्र बाळगता येतं, तरी त्याला अटक झाली.

वॉलमार्टने ३ सप्टेंबर २०१९ला ग्राहकांना विनंती केली की शस्त्र उघडं लावून दुकानात येऊ नका. त्याच दिवशी क्रोगरने तेच सांगितलं, पुढच्या दोन दिवसांत वॉलग्रीन्स आणि सीव्हीएसनेही. टार्गेटने तर २०१४ मध्येच सगळी शस्त्रं बाहेर ठेवायची विनंती केली होती. यांतल्या बऱ्याच ठिकाणी दारावर ३०.०७ची पाटी नसते, कारण कंपनीला लढाई नको असते, विनंतीवर काम भागवायचं असतं. पाटी नाही म्हणजे स्वागत आहे, असा अर्थ काढू नका. अशा दुकानांत मॅनेजरला सांगितलेलं असतं की हवं तर जाऊन बोला, आणि तिने कसं बोलायचं हे बहुतेक तिच्यावरच सोडलेलं असतं.

मग ती आल्यावर करायचं काय? बोलणं एका वाक्याचं ठेवा. "ठीक आहे मॅडम, मी निघतो." बस. कलम सांगू नका, परवाना दाखवायला पाकिटाकडे हात नेऊ नका, मोबाइलवर शूटिंग सुरू करू नका. दोन्ही हात छातीच्या खाली, होल्स्टरपासून लांब, तिला दिसतील असे, आणि बोटं मोकळी. ट्रॉलीच्या दांड्यावर हात असतील तर ते तसेच राहू द्या, ती चांगली जागा आहे. दारापर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता धरा आणि नेहमीच्या चालीने चला. सामानाचे पैसे द्यायला थांबू का, असं लोक विचारतात. तिने आपणहून "पैसे देऊन जा" म्हटलं तर द्या, नाहीतर ट्रॉली सोडा.

पिस्तुलावर शर्ट ओढून झाकायचा मोह होतो, तोही टाळा. लांब उभ्या असलेल्या माणसाला ती हालचाल पिस्तुलाकडे हात गेल्यासारखी दिसते. होल्स्टरमधून पिस्तूल काढून तिच्या हातात द्यायचा किंवा काउंटरवर ठेवायचा विचार तर मनातही आणू नका. एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, सभ्यपणा म्हणून काउंटरवर ठेवलं तर? होल्स्टरमधलं पिस्तूल सुरक्षित असतं. ते हातात आलं की तुम्ही भर दुकानात पिस्तूल काढलेला माणूस ठरता.

बाहेर पडता पडता तिचे नेमके शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. "असं उघडं लावून येऊ नका" म्हणाली असेल तर मनाई उघड्या पिस्तुलाला आहे. जाकीट घालून, पिस्तूल पूर्ण झाकून, परवान्यावर परत येता येईल. टेक्सासातल्या एच-ई-बी दुकानांचं धोरण असंच आहे, उघडं नको, परवानाधारकाचं झाकलेलं चालेल. पण "गन आत आणू नका" म्हणाली असेल, तर झाकलेल्या पिस्तुलाचीही तोंडी मनाई झाली. जाकीट घालून परत गेलात तर आता ३०.०६ लागतं. तुमच्या बाबतीत ती "गन बाहेर ठेवून या" म्हणाली. मी त्याचा अर्थ झाकलेल्या पिस्तुलालाही मनाई असाच धरीन.

मॅनेजरने पोलिसांना फोन केला असेल तर पोलीस येतात ते ऐकीव माहितीवर. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये २२ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण दुकानातल्याच शेल्फवरची छऱ्याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत होता. दुसऱ्या ग्राहकाने ९११ला (पोलिसांना तातडीने बोलावण्याचा नंबर) सांगितलं की तो लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि काही सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याचा मृत्यू झाला. फोन करणाऱ्याने नंतर आपलं म्हणणं बदललं. ओहायोतही उघडी बंदूक बाळगणं कायदेशीर होतं आणि आहे. आपल्या रंगाच्या आणि नावाच्या माणसांनी हे विसरू नये, असं मी वर्गात प्रत्येक तुकडीला सांगतो. पोलीस समोर आले तर थांबा, हात दाखवा, ते सांगतील तेवढंच करा. पिस्तूल जवळ असताना त्यांनी ओळखपत्र मागितलं तर टेक्सासात परवानाधारकाने परवानाही दाखवायचा असतो. पण तो कुठल्या खिशात आहे ते आधी तोंडाने सांगा, हात नंतर हलवा.

यावरून माझं मत सरळ आहे. दुकानात पिस्तूल उघडं लावू नका. कायद्याने चालतं, मी अडवणार नाही, पण त्याने तुमची सुरक्षितता वाढत नाही. चोराला कळतं की पहिल्यांदा कुणाला गाठायचं. गर्दीच्या रांगेत मागून कुणी पकडीला हात घातला तर साध्या होल्स्टरमधून पिस्तूल ओढलं जाऊ शकतं. आणि बिलिंगच्या रांगेत तुमचं अर्धं लक्ष त्या कंबरेवरच असतं. तुम्ही परवान्यासाठी चार-सहा तासांचा वर्ग केलात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून पास झालात. त्या परवान्याचा मोठा उपयोग झाकून बाळगण्यात आहे. परवाना लागत नसतानाही तो काढा असं मी सांगतो, याचं एक कारण शाळा. शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत सार्वजनिक रस्त्यावर भरलेलं पिस्तूल नेण्याबद्दल संघराज्याचा वेगळा कायदा आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. आपल्या उपनगरांत शाळेजवळून न जाता दुकानात पोचणं कठीण आहे.

वर सांगितलेलं सगळं टेक्सासचं आहे, हे विसरू नका. इलिनॉयमध्ये, न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल उघडं लावून फिरताच येत नाही. न्यू जर्सीत एडिसनला भावाकडे जाताना टेक्सासचा परवाना खिशात आहे म्हणून पिस्तूल कंबरेला लावलंत तर तिथे तो परवाना चालत नाही. शेजारच्या राज्यात जातानाही आधी तिथला नियम बघा. रायफल खांद्यावर टाकून दुकानात जायचा विषय मी बोलायलाच घेत नाही. टेक्सासात लोकांना भीती वाटेल अशा रीतीने शस्त्र दाखवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ३०.०६, ३०.०७ पिस्तुलाबद्दल असल्याने रायफलवाल्याला साधा ट्रेसपासचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरण्याचा किंवा थांबण्याचा, कायदा लागतो.

आपली बरीच माणसं गॅस स्टेशन आणि छोटी दुकानं चालवतात, त्यांनाही थोडं सांगतो. मनाई करायची असेल तर कायद्यातल्या मजकुराची पाटी लावा, घरी टाइप केलेला कागद नको. पाटी नसताना कुणी आलं तर एकट्याने जा, तिघांनी घेरू नका. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नका. समोरून, हात दोन हात अंतर ठेवून, हळू आवाजात सांगा: "सर, इथे गन चालत नाही, कृपया बाहेर ठेवून या." कारण विचारलं तर "दुकानाचा नियम आहे" एवढंच. तो थांबला तर दुसऱ्यांदा सांगून मागे फिरा आणि फोन करा. आणि ९११ला जे दिसतंय तेच सांगा: पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे, हात रिकामे आहेत, आम्ही जायला सांगितलंय, तो जात नाही. "गन घेऊन माणूस आलाय" एवढ्यावर फोन ठेवलात तर येणारा पोलीस काय समजून दारातून आत शिरेल याचा विचार करा.

आता तुमचं ते दुकान. तिथे परत जा, काही हरकत नाही, पण पिस्तुलाशिवाय. झाकून न्यायची इच्छा असेल तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहून विचारा की परवानाधारकाने पिस्तूल झाकून आणलेलं चालतं का, आणि उत्तर लेखी घ्या. त्या मॅनेजरला भेटून "ठीक आहे, कळलं" एवढं म्हणालात तर चांगलंच. गाडीत ठेवायचं असेल तर सीटखाली तारेने बांधलेली कुलपाची पेटी घ्या. ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू नका, गाड्या फोडून पिस्तुलं पळवणं इथे नेहमीचं आहे. आणि पिस्तूल त्या पेटीत घरच्या गॅरेजमधून निघतानाच ठेवा. दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये सगळ्यांसमोर कंबरेवरून काढून ठेवलंत, तर पेटी कुठे आहे हे बघणाऱ्यालाही कळलं.